किडनीच्या ओपीडीत पहिल्यांदा जाताय? कोकणातून निघण्याआधी हे वाचा

गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'नेफ्रॉलॉजिस्टना', म्हणजे किडनीच्या तज्ज्ञांना, 'दाखवा' असं लिहिलं की घरात एकच वाक्य फिरायला लागतं: "थंय गेल्यार मशिनीर घालतत." मग ती चिठ्ठी देवघराच्या फळीवर जाते, कुणीतरी काढा सुचवतं, आणि चार-सहा महिन्यांनी तेच पेशंट पाय सुजून, दम लागून थेट कॅज्युअल्टीत येतात. त्या अवस्थेत खरोखरच मशीन, म्हणजे किडनीऐवजी रक्त शुद्ध करणारं डायलिसिस, लावावं लागतं आणि वाडीत ते वाक्य खरं ठरतं.

मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किडनी आणि रक्तदाब विभागासाठी समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते. मी डॉक्टर नाही. कागद, योजना, घरची परिस्थिती, प्रवास ही माझी बाजू. पण रोज ओपीडीच्या दाराशी बसून जे दिसतं ते सांगते: बाकड्यांवर बसलेल्यांपैकी बहुतेकांना डायलिसिस लागलेलं नसतं. कुणाचा बीपी तीन गोळ्यांनी आटोक्यात येत नाही, कुणाच्या लघवीतून प्रथिन जातंय, कुणाच्या घरात गाठींच्या किडनीचा आजार आहे, कुणाला शुगर आहे. विभागाचं बरंचसं काम ही माणसं मशीनपर्यंत पोचू नयेत, निदान उशिरा पोचावीत, यासाठीच चालतं.

निघण्याआधी

अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. मेडिसिनची ओपीडी, रक्त-लघवी, सोनोग्राफी ही सुरुवात जवळच होऊ शकते आणि तिथेच करावी. बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं), प्रत्यारोपण, नेफ्रॉलॉजीत डीएम (एमडीनंतरची पदवी) केलेले डॉक्टर असं सगळं एका छपराखाली हवं असेल तर रायगड-रत्नागिरीची माणसं मुंबईला केईएमसारख्या रुग्णालयात जातात, सिंधुदुर्गातली गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला. राज्याबाहेर जाणार असाल तर आपली योजना तिथे चालते का, हे आधीच विचारून घ्या.

ओपीडीचे वार ठरलेले असतात. रात्रभर कोकणकन्येत बसून पहाटे दादरला उतरायचं आणि खिडकीवर 'आज नेफ्रो नाही' ऐकायचं, असं कुणाच्या तरी वाट्याला येतंच. एक फोन करा.

आता पिशवी. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे जुना क्रिएटिनिनचा रिपोर्ट. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा; किडनी बिघडली की तो साठतो. आजचं क्रिएटिनिन २.१ आहे एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं काही ठरवता येत नाही. गेल्या वर्षी ते २.० असेल तर माणूस औषधं घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी येतो; गेल्या वर्षी ०.९ असेल तर कदाचित त्याच दिवशी दाखल होतो. किडनीचा आजार जुना म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेला असावा लागतो, आणि ते फक्त जुने कागदच सांगतात. "आधी कधी तपासलंच नाही" असं जवळजवळ सगळे म्हणतात. शोधा. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त काढलं होतं, विम्याच्या पॉलिसीसाठी तपासणी झाली होती, मुलगी बाळंतपणाला आली तेव्हाची फाईल माळ्यावर आहे. बाईमाणसाच्या बाबतीत ही बाळंतपणाची फाईल तर आणाच; गरोदरपणात बीपी वाढला होता का, हा प्रश्न डॉक्टर हमखास विचारतात.

दुसरं, सगळी औषधं. नावं लिहून नव्हे, पाकिटं आणि बाटल्या घेऊन. 'ती पांढरी छोटी गोळी' यावरून कुणालाच काही कळत नाही. त्यात गुडघेदुखीची गोळीही आली. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि भात लावणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून मेडिकलमधून त्या सर्रास आणल्या जातात. वैदूचा पाला असेल तर तोही दाखवा. सापसण, म्हणजे ईश्वरी, ही वेल विषावर उतारा म्हणून दिली जाते. तिच्यातलं अॅरिस्टोलोकिक आम्ल किडनी कायमची खराब करतं. झाडपाल्यात दम नसतो असं मात्र कुणी म्हणू नये. सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात लिहून जगाला दाखवलं. मुळीत ताकद आहे म्हणूनच ती पोटात गेल्याचं डॉक्टरांना कळलं पाहिजे.

तिसरं, मूळ रेशनकार्ड आणि आधार, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्ससह. ते कशाला, ते पुढे येईलच.

आणि त्या दिवशी सकाळी बीपीची गोळी घेऊनच निघा. "खरा बीपी किती ते डॉक्टरांना कळू दे" म्हणून गोळी चुकवून येणारे इतके असतात की रेसिडेंट डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. डॉक्टरांना गोळीसकटचा बीपी हवा असतो. किडनीच्या नेहमीच्या तपासण्यांना उपाशीपोटी राहावं लागत नाही. शुगर किंवा चरबीची तपासणी सांगितली असेल तरच. डबा आणा. शुगरवाल्यांनी तर आणाच.

पहिला दिवस

केसपेपर, मग वजन-उंची, मग बीपी, मग नंबर. पहिल्यांदा एखादे तरुण रेसिडेंट डॉक्टर बघतात. नातेवाईक तिथेच नाराज होतात: "एवढ्या लांबून आलो आणि शिकाऊ डॉक्टर?" हे रेसिडेंट एमबीबीएस आणि एमडी करून वर तीन वर्षांचा डीएमचा अभ्यास करत असतात. तुमची हकीकत सगळ्यात सविस्तर तेच ऐकतात, आणि मग तुमच्यासमोरच ती मोठ्या सरांना किंवा मॅडमना सांगतात. त्यांच्याजवळ जे बोलाल तेच पुढे पोचतं. म्हणून लपवू नका. रात्री लघवीला किती वेळा उठता, लघवीवर फेस येऊन तो टिकतो का, सकाळी डोळ्यांखाली सूज असते का, दारू, तंबाखू, मिश्री, सगळं सांगा.

त्या दिवशी निदान होईलच असं नाही. रक्त-लघवी दिली, सोनोग्राफीची तारीख मिळाली, पुढच्या आठवड्यात रिपोर्ट घेऊन या, असंच बहुतेक वेळा होतं. मुंबईत पाव्हण्यांकडे राहायची सोय असेल तर दोन दिवस हाताशी ठेवा.

बीपी मोजणं

हा भाग लांबवते, कारण इथे होणाऱ्या चुकीवर आयुष्यभराची गोळी ठरू शकते.

जिना चढून आलेला माणूस स्टुलावर बसतो, पाय लोंबतात, हात हवेत, जाड बाहीवरूनच पट्टा बांधलेला, आणि शेजारी बसलेली बहीण गाडीच्या वेळेवरून बोलतेय. त्या क्षणी जो आकडा येतो तो भरवशाचा नाही. नीट मोजायचं तर आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीला लावून, पाय एकमेकांवर न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला. पहिल्या वेळी दोन्ही हातांचा बीपी मोजतात. ज्या हाताचा जास्त, तो पुढे धरतात. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. गर्दीत कुणी घाईने मोजलं तर "पाच मिनिटं बसतो, मग बघा" म्हणायला लाजू नका.

दवाखान्यात १४०/९० किंवा वर म्हणजे वाढलेला. घरी मोजताना ही सीमा १३५/८५ धरतात. डॉक्टर बहुधा घरी मोजून आणायला सांगतात. दंडावर बांधायचं यंत्र घ्या, मनगटावरचं नको. सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, तारखेसह वहीत उतरवायचं. १४७ आला तर १४७ लिहा, १४० नको. यंत्र एकदा ओपीडीत आणून तिथल्या यंत्राशी ताडून घ्या. काहींचा बीपी फक्त डॉक्टर बघून वाढतो, आणि काहींचा उलट, दवाखान्यात नॉर्मल, घरी वाढलेला. ही दुसरी माणसं जास्त धोक्यात, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. शंका राहिली तर २४ तास दंडावर पट्टा ठेवून झोपेतलाही बीपी नोंदवणारं यंत्र देतात. ते लावून मासळी बाजारात गेलात तरी चालेल. पट्टा फुगला की हात तेवढा स्थिर ठेवा.

वय तिशीच्या आत आणि बीपी वाढलेला असेल तर विभाग कारण शोधतो. किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी आवळली आहे का, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून संप्रेरक जास्त पाझरतंय का. कारण सापडलं तर काहींच्या गोळ्या पुष्कळ कमी होतात. म्हणून जवान मुलाचा बीपी 'टेन्शनचा' म्हणून सोडून देऊ नका.

तपासण्या

क्रिएटिनिनवरून, वय आणि स्त्री-पुरुष धरून, जीएफआर काढतात. किडनी किती टक्के उरली, असं सोयीसाठी समजलं तरी चालेल. ९० च्या वर उत्तम, ६० च्या खाली तीन महिने राहिलं तर आजार, १५ च्या खाली शेवटचा टप्पा. आणि १५ च्या खाली गेलं म्हणजे त्याच दिवशी मशीन, असंही नाही. भूक, उलट्या, दम, पोटॅशियम, अंगातलं पाणी बघून ते ठरतं.

दुसरी तपासणी लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाची. क्रिएटिनिन नॉर्मल असतानाही ही बिघडू शकते, त्यामुळे मला विचाराल तर शुगर-बीपीवाल्यांनी वर्षातून एकदा हीच आधी करावी. सकाळची पहिली लघवी चांगली. आकडा (क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे मिलिग्रॅम) ३० च्या आत असावा. ३०० च्या वर म्हणजे प्रथिन जोरात जातंय.

कधी २४ तासांची लघवी साठवायला सांगतात आणि पाच लिटरचा कॅन देतात. इथे निम्मे जण चुकतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ बघायचं. त्यानंतरची प्रत्येक लघवी, रात्रीचीसुद्धा, कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची लघवी कॅनमध्ये घातली की संपलं. एसटीने येताना कॅनला दोन पिशव्या घाला.

बायोप्सीचं नाव काढलं की सह्या अडतात. "तुकडा काढल्यावर किडनी जाते" हे खरं नाही. पालथं झोपवून, जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुईने बारीकसा तुकडा घेतात. नंतर रक्तस्रावावर लक्ष ठेवण्यासाठी पडून राहावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. ती किती दिवस थांबवायची ते डॉक्टर ठरवतील.

गोळ्या, आणि त्यांबद्दलची भांडणं

टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात, कारण हीच गोळी लघवीतलं प्रथिन रोखते. पण गावी रिपोर्ट बघून कुणीतरी म्हणतं "ही गोळी किडनी खराब करते", आणि ती बंद होते. असं झालं तर आधी विभागात फोन करा. एक-दोन आठवड्यांनी पोटॅशियम तपासायला सांगितलं असेल तर तेही टाळू नका. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की मात्र ही गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी विचारायचं. गर्भ राहिला असेल किंवा ठेवायचा विचार असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. ही जात गरोदरपणात चालत नाही.

"मला शुगर नाही आणि शुगरची गोळी दिली" ही तक्रार आता रोजची. डापाग्लिफ्लोझिन आधी शुगरसाठी आली, पण शुगर नसलेल्यांच्या किडनीलाही तिचा उपयोग होतो. एका कामाची गोळी दुसऱ्या कामाला येणं कोकणाला नवीन नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही बीपीचीच गोळी वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी किती जीव वाचवले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ताटातलं

दिवसाला माणशी पाच ग्रॅम मीठ, एवढंच लक्षात ठेवा. पाच माणसांच्या घरात मिठाचा एक किलोचा पुडा चाळीस दिवस पुरला पाहिजे. पुडा कधी फोडला ते त्याच्यावरच लिहून ठेवा, महिन्याभरात घरचा हिशोब कळेल. लोणचं, पापड, खारवलेला बांगडा, मिठातली आमसुलं हे त्या हिशोबाबाहेरचं. सैंधव हेही मीठच. आणि 'लो सोडियम' मीठ किडनीच्या पेशंटने विचारल्याशिवाय आणू नये, त्यात पोटॅशियम असतं.

मासे बंद करा असं आमच्याकडे सरसकट कुणी सांगत नाही. ताजा मासा चालतो, मापात. डायलिसिसआधी प्रथिनं साधारण किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की उलट जास्त लागतात, आणि नेमकं तेव्हाच घरचे माणसाला पेजेवर ठेवतात.

पोटॅशियम वाढलेलं असेल तर शहाळं बंद. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपली रीत इथे अंगाशी येते. परसातलं करमळ, ते पाच कंगोऱ्यांचं आंबट फळ, जीएफआर कमी असलेल्यांनी तोंडालाही लावू नये. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, इतपत मजल जाते. बिंबलंही तसंच आम्लाने भरलेलं; शुगर उतरते म्हणून त्याचा रस ग्लासभर पिणाऱ्यांच्या किडन्या बसल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. आमटीत एखादं पडलं तर प्रश्न वेगळा, तरी विचारून घ्या.

पावसाळ्यात

जून ते ऑक्टोबर या विभागात वेगळे पेशंट येतात. धडधाकट शेतकरी, चिखलात काम केलेलं, ताप, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल, लघवी कमी. हा लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, असू शकतो. किंवा फुरसं, घोणस चावलेली माणसं. यांना कधी कधी दोन-तीन आठवडे मशीन लागतं आणि मग किडनी परत चालू होते, माणूस मशीन सोडून घरी जातो. इथे उशीर महागात पडतो. ताप आणि लघवी कमी, किंवा सर्पदंश, असं काहीही झालं तरी ओपीडीच्या वाराची वाट न बघता थेट सर्पविषावरची लस आणि दाखल व्हायची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जा.

मशीन लागणारच असेल तर

डॉक्टरांनी वर्ष-सहा महिने आधी 'तयारी करा' म्हटलं की तयारी म्हणजे फिस्टुला. हातातली धमनी आणि शीर जोडतात, ती शीर फुगायला दीड-दोन महिने लागतात. वेळेत केली नाही तर मानेत नळी घालावी लागते, आणि नळीला जंतुसंसर्ग लवकर होतो. म्हणून ज्या हाताने काम करत नाही त्या हाताच्या शिरा आतापासून जपा. त्यातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. फिस्टुला झाल्यावर त्या हाताचा बीपी मोजायचा नाही, त्या हातात बांगडी-घड्याळ घट्ट नको, कळशी नको. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघा. थांबली तर त्याच दिवशी या. हिपॅटायटिस बीच्या लशीही आधीच सुरू करा.

मशीनवर एका वेळी साधारण चार तास, आठवड्यातून दोन-तीनदा. त्यासाठी कायम मुंबईत राहायला नको. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला, त्यातून जिल्हा रुग्णालयांत सोय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात 'आरोग्यमित्र'चं टेबल शोधा, रेशनकार्ड-आधार तिथेच लागतं. डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी रेल्वेच्या स्लीपरमध्ये आणि थ्री एसीत ७५ टक्के सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही. त्याचं प्रमाणपत्र रुग्णालयातून घ्यायचं. एसटीतही सवलत आहे, आगारात विचारा.

डोंगरातल्या वाडीतून आठवड्याला तीनदा उतरणं जमणार नसेल तर पोटातलं डायलिसिस विचारा. पोटात नळी बसवतात, घरीच दिवसातून तीन-चार वेळा डायलिसिसच्या पाण्याची पिशवी बदलायची. स्वच्छ खोली आणि हात धुण्याची शिस्त हवी, आणि पिशव्यांचा खर्च आधी समजून घ्या.

प्रत्यारोपणाची बोलणी मात्र मशीन सुरू व्हायच्या आधीच करा. १९९४ च्या कायद्यानुसार आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडंही जवळचे नातेवाईक म्हणून देऊ शकतात. इतर कुणी देणार असेल तर समितीची परवानगी लागते. घरातून दाता नसेल तर मेंदूमृत दात्यासाठी यादीत नाव नोंदवता येतं. ते काम प्रत्यारोपण समन्वयक करतात. देणारी बहुतेक वेळा बायको किंवा आई असते, हे मी बघते आणि मला खटकतं. दात्याला मी एकटीला बसवून विचारते, नवरा-सासू बाहेर. "नको" म्हणाली तर बाहेर एवढंच सांगितलं जातं की दाता म्हणून बसत नाही.

शेवटी वादळाचं. जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते, आणि त्याच वर्षीचा २२ जुलैचा चिपळूणचा पूर. वीज नाही, रस्ता नाही, आणि डायलिसिसच्या एका पाळीला शंभर लिटरहून जास्त शुद्ध पाणी लागतं. मे महिना संपायच्या आत आपल्या सेंटरशिवाय आणखी एका सेंटरचा नंबर, शेवटच्या पाळीचा कागद, ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) आणि हिपॅटायटिसचा रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवा. पाळी चुकणार असं दिसलं की त्या क्षणापासून फळं, शहाळं, डाळीचं पाणी बंद, पाणी मोजून प्यायचं आणि सेंटरला फोन करायचा. दम लागला, छातीत धडधडलं किंवा हातपाय गळून गेले तर फोनची वाट न बघता १०८ बोलवा.